अस्वलाच्या मुलखातले रिव्हॉल्व्हर

चव्वेचाळीस मॅग्नमचे एक काडतूस तळहातावर उभे करून पाहिले, तर नजर आधी जाते ती त्याच्या टोकाकडे, आणि तिथे टोक नसतेच. जिथे आपण अणकुचीदार अग्राची वाट पाहतो, तिथे शिशाचा एक सपाट, गोल माथा असतो, खलातल्या बत्त्याच्या तोंडासारखा बोथट. शहरातल्या पोलिसाच्या पिस्तुलातली गोळी शरीरात शिरताच उमलावी आणि तिथेच थांबावी, अशी घडवलेली असते. अलास्कातल्या नदीकाठी साल्मन धरायला जाणाऱ्याने निवडलेली ही ओतीव गोळी मात्र उमलायचे नाकारते. शिशात अँटिमनी आणि कथिल मिसळून तिला कठीण केलेले असते, कारण तिच्यापुढे अस्वलाच्या ओल्या, दाट केसांची, चरबीची आणि जाड स्नायूंची भिंत आहे, त्याही पलीकडे खांद्याचे हाड आहे, आणि तिला काही करायचेच असेल तर वाट न सोडता सरळ आत जायचे आहे. अणकुचीदार गोळी अशा प्रवासात सहज कलंडते, सपाट माथ्याची गोळी आपली रेषा बरीचशी राखते. या बोथटपणातला विचार एकदा उमगला, की पुढे या हत्याराचा एकेक अवयव आपल्याशी बोलू लागतो.

या आकाराचे श्रेय प्रामुख्याने एल्मर कीथ या आयडाहोतल्या गुरेपालकाचे. त्याने आखलेल्या गोळीच्या साच्याचा क्रमांक, ४२९४२१, जाणकार आजही एखाद्या रागाच्या नावासारखा उच्चारतात. त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे गोळीचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे जेमतेम अकरा मिलिमीटर. कीथने पंचेचाळीस सोडून चव्वेचाळीस का धरले, हे पाहण्यासारखे आहे. छिद्र किंचित लहान झाले की सहा घरांच्या चक्राची भिंत तेवढीच जाड राहते, आणि जाड भिंत दारूचा अधिक दाब सोसते. बळ वाढवण्यासाठी छिद्र लहान करायचे, ही उफराटी वाटणारी युक्ती किती देखणी आहे! अनेक वर्षे तो चव्वेचाळीसच्या जुन्याच काडतुसात अधिकाधिक जोर भरत राहिला, कारखानदारांच्या मागे लागला, आणि १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर व रेमिंग्टनचे काडतूस असे जोडीने अवतरले. नव्या काडतुसाचे कवच जुन्यापेक्षा अष्टमांश इंच लांब केले होते. ते अशासाठी, की कुणी चुकून ते जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये भरू पाहील, तर ते आत बसूच नये. तीन मिलिमीटर पितळात सामावलेली ही अनोळखी माणसाविषयीची काळजी मला साऱ्या रचनेतला सर्वांत सुंदर तपशील वाटते. पुढे १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने हे रिव्हॉल्व्हर शहराच्या पडद्यावर नेले, त्याचे मूळ मात्र डोंगरातले, घोड्यावरून हिंडणाऱ्या माणसाच्या कमरेचे.

स्वयंचलित पिस्तुलाचीही एक रसिक परंपरा आहे, आणि ती क्षुद्र नाही. ग्रीनलंडच्या बर्फात कुत्र्यांच्या गाडीवरून गस्त घालणारे डॅनिश सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी दहा मिलिमीटरचे ग्लॉक २० बाळगते. त्यात पंधरा गोळ्या मावतात. तरी सहाच घरांचे चक्र पसंत करणाऱ्याची बाजू समजून घ्यावी अशी आहे. एखादे काडतूस फुसके निघाले, तर चाप पुन्हा ओढला की चक्र पुढे सरकते, दुसऱ्या हाताची मदत लागत नाही. आणि नळी प्राण्याच्या अंगाला टेकली असली, तरी रिव्हॉल्व्हर उडते. पिस्तुलाची सरकती पाठ मात्र अशा दाबाने मागे ढकलली गेली, तर ते मुके होऊ शकते.

खरी गोडी वजनात आहे. स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियमचे ३२९ पीडी हे रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. दिवसभर छातीवर असून नसल्यासारखे, पण चाप ओढताच तळव्याला असा हिसका देते की दुसऱ्या नेमाला हात कचरतो. त्या झटक्याने चक्रातल्या उरलेल्या गोळ्या कवचातून पुढे सरकून चक्र अडवूही शकतात, म्हणून काडतुसाची कड गोळीभोवती घट्ट दाबलेली आहे ना, हे चोखंदळ माणूस आधी पाहतो. दुसऱ्या टोकाला रुगरचे सुपर रेडहॉक अलास्कन, आखूड अडीच इंची नळीचे आणि सव्वा किलोहून जड. धावत्या तपकिरी अस्वलाचा वेग तासाला पन्नास किलोमीटरांच्या वर जातो, म्हणजे वीस पावलांचे अंतर सेकंदभरात संपते. त्या सेकंदासाठी जडपणा हवा, आणि त्याआधीच्या शेकडो निवांत तासांसाठी हलकेपणा. माझी दाद चार इंची नळीच्या पोलादी रिव्हॉल्व्हरला, कारण ते या दोन्ही मागण्यांपैकी एकीलाही पूर्ण शरण जात नाही.

ते वसते छातीवर. कमरेवर पाठपिशवीचा पट्टा असतो, मासेमाराचे रबरी विजारबूट छातीपर्यंत चढलेले असतात, पावसाळी डगला सगळे झाकून टाकतो. म्हणून तिथले वाटाडे चामड्याचे किंवा कडक प्लास्टिकचे म्यान तिरके छातीवर बांधतात. पाण्यात मांडीभर उतरले तरी ते कोरडे राहते, आणि माणूस पाठीवर पडला तरी मूठ हाताच्या टप्प्यात असते.

कमरेच्या त्या पट्ट्यावर मात्र तिखट फवाऱ्याची डबी असावी. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये अलास्कातल्या प्रसंगांचा अभ्यास मांडला, त्यात फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचे नकोसे वर्तन ९२ टक्के वेळा थोपवले होते. २०१२ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात बंदूक वापरणारे आणि जवळ असूनही न वापरणारे, यांच्या इजांत फरक आढळला नाही. अलास्काचा कायदाही असा, की जीव वाचवण्यासाठी अस्वल मारावे लागले, तर त्याची कवटी आणि कातडे सरकारजमा करायचे. मिळवण्यासारखे काही नाही, हे ठाऊक असूनच हे हत्यार निवडले जाते. शिकाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरवरची दुर्बीण आणि दूरच्या नेमासाठीची लांब नळी म्हणूनच इथे दिसत नाहीत. चार इंच पुरतात.