साका दिसतो म्हणून मारेकरी तोच का? अमायलॉइड गृहीतकाचे परीक्षण

'अल्झायमरच्या रोगात मेंदूत बीटा-अमायलॉइड हे प्रथिन साचते व त्यामुळे चेतापेशी मरतात.' असे वाक्य तुम्ही परीक्षेत कधीतरी लिहिले असेल आणि त्याला गुणही मिळाले असतील. वाक्याचा पहिला भाग निरीक्षण आहे. दुसराही निरीक्षणच आहे. पेशी खरोखर मरतात. वादाचा आहे तो मधला 'त्यामुळे'. प्रस्तुत टिपणात आपल्याला या एका शब्दाची तपासणी करायची आहे.

हा शब्द पाठ्यपुस्तकांत स्थिर करण्याचे श्रेय मुख्यतः एका छोट्या लेखाला जाते. जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी एप्रिल १९९२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमायलॉइडचे गृहीतक मांडले. लेख अवघा दोन पानांचा आहे. मिळाला तर मुळातून वाचा. त्याचे म्हणणे सरळ आहे: बीटा-अमायलॉइडचे साचणे हे रोगाचे मूळ कारण; पेशीतील गुंते, पेशींचा नाश, रक्तवाहिन्यांची हानी आणि शेवटी स्मृतिभ्रंश हे सारे त्याचे परिणाम. एकाखाली एक बाण काढावेत तशी ही रचना आहे.

लेखाची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ मध्ये दाखल झालेल्या ऑगस्टे डेटर या स्त्रीचा १९०६ मध्ये मृत्यू झाला. तिच्या मेंदूचे काप आलॉइस अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर विखुरलेले साके, ज्यांना आज आपण प्लाक म्हणतो, आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते. प्लाक बीटा-अमायलॉइडचे असतात आणि गुंते टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे, हे कळायला पुढे सुमारे ऐंशी वर्षे गेली. जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी १९८४ मध्ये बीटा-अमायलॉइड वेगळे केले. ते ज्या मोठ्या प्रथिनातून कापले जाते त्याचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असल्याचे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. डाऊन सिंड्रोममध्ये हेच गुणसूत्र तीन प्रतींत असते आणि त्या व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत प्लाक दिसू लागतात. पुढे १९९१ मध्ये हार्डी यांच्याच गटाला, तरुण वयात अल्झायमर होणाऱ्या एका कुटुंबात या जनुकातील उत्परिवर्तन सापडले.

गृहीतकाचे खरे बळ इथे आहे, आणि टीका करण्याआधी ते मान्य केले पाहिजे. मृत मेंदूत दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसल्या तर कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे सांगता येत नाही. जनुकातील बदल मात्र जन्मापासून असतो. तो रोगाचा परिणाम असूच शकत नाही. कारणाची दिशा ठरवणारा याहून चांगला पुरावा जीवशास्त्रात क्वचितच मिळतो. याची उलटी बाजूही आहे. आइसलँडमधील लोकांच्या अभ्यासात २०१२ मध्ये याच जनुकातील एक वेगळा बदल आढळला. त्याने बीटा-अमायलॉइडची निर्मिती कमी होते, आणि तो असलेल्या वृद्धांना अल्झायमरपासून संरक्षण मिळते. म्हणजे एकाच जनुकातील एका बदलाने रोग येतो आणि दुसऱ्याने टळतो. हे प्रथिन निरपराध आहे असे म्हणणाऱ्याला आधी या दोन्ही गोष्टींचे उत्तर द्यावे लागेल.

पण प्रथिन दोषी असणे आणि प्रथिनाचा साका दोषी असणे यांत फरक आहे. १९९२ च्या लेखात 'साचणे' असाच शब्द आहे. प्लाकची संख्या आणि स्मरणशक्तीची हानी यांचा मेळ मात्र नीट बसत नव्हता. अखेरपर्यंत शुद्धीत, चालत्याबोलत्या असलेल्या कितीतरी वृद्धांच्या मेंदूत शवविच्छेदनात भरपूर प्लाक सापडतात. रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच दाखवले होते की बौद्धिक ऱ्हासाशी सर्वांत जवळचा संबंध सिनॅप्सच्या नाशाचा आहे.

दिसणारा गठ्ठा फसवू शकतो हे सर्वांत स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग अल्झायमरवरचा नाहीच. तो हंटिंग्टनच्या रोगाशी संबंधित आहे. या रोगात हंटिंग्टिन प्रथिनात ग्लुटामिन या अमिनो आम्लाची साखळी प्रमाणाबाहेर लांबते. असे प्रथिन चेतापेशीत, विशेषतः केंद्रकात, गोळे करून बसते. रोगी पेशीत गोळा दिसतो, निरोगी पेशीत दिसत नाही; मग गोळ्यानेच पेशी मरत असणार, असा निष्कर्ष कोणीही काढेल. सॅन फ्रान्सिस्कोमधील स्टीव्हन फिंकबायनर यांच्या गटाने २००४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पद्धतच बदलली. मृत ऊतीचे काप पाहण्याऐवजी त्यांनी संवर्धनात वाढवलेल्या जिवंत चेतापेशी स्वयंचलित सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि त्याच त्या पेशींकडे दिवसेंदिवस परत जाऊन पाहिले: कोणत्या पेशीत गोळा कधी झाला आणि ती कधी मेली. अनेक पेशी गोळा न होताच मेल्या. ज्यांत गोळा झाला त्या अधिक काळ जगल्या, आणि गोळा तयार झाल्यावर पेशीत इतरत्र पसरलेले सदोष हंटिंग्टिन कमी झाले.

गावाबाहेर उकिरडा असतो. रोगराई आली की बोट त्याच्याकडे जाते, कारण दिसतो तोच. पण घराघरांतला कचरा तिथे गेला म्हणून घरे त्यामानाने स्वच्छ राहिली, हे उकिरड्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी घरात जाऊन पाहावे लागते.

आता हा दाखला अल्झायमरवर जसाच्या तसा लावू नका. हंटिंग्टिन पेशीच्या आत साचते, बीटा-अमायलॉइडचे प्लाक बाहेर असतात. शिवाय प्लाकच्या आसपास चेतातंतू फुगलेले, वेडेवाकडे झालेले दिसतात आणि मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी जमतात. म्हणजे प्लाक अगदी निरुपद्रवी आहे असेही नाही. दाखल्याचा उपयोग एवढाच की 'गठ्ठा आहे, म्हणून विष तेच' हा युक्तिवाद एका ठिकाणी तपासला गेला आणि तिथे तो चुकला.

हार्डी यांनी स्वतःही मूळ मांडणी धरून ठेवली नाही. डेनिस सेल्को यांच्याबरोबर २००२ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी भर प्लाकवरून काढून बीटा-अमायलॉइडच्या लहान, विरघळणाऱ्या समूहांवर, म्हणजे ऑलिगोमरवर दिला. माझ्या मते ही प्रामाणिक दुरुस्ती आहे, पण ती फुकट मिळालेली नाही. प्लाक मोजता येतो. ऑलिगोमर अस्थिर असतात, वेगळे करणे कठीण, आणि प्रयोगशाळेगणिक त्यांचे रूप बदलते. कारण जितके निसटते, तितके गृहीतक खोडून काढणे अवघड. उंदरांची स्मरणशक्ती बिघडवणाऱ्या एका विशिष्ट समूहाविषयीचा २००६ चा गाजलेला शोधनिबंध, त्यातील प्रतिमांत फेरफार झाल्याचे उघड झाल्यावर, २०२४ मध्ये मागे घेतला गेला. त्यावेळी 'सारे गृहीतकच कोसळले' असा बराच गाजावाजा झाला. ते खरे नाही. वर सांगितलेला जनुकीय पुरावा त्या निबंधावर उभाच नव्हता.

मला अधिक कमकुवत वाटतो तो अमायलॉइडकडून टाऊकडे जाणारा बाण. टाऊचे नेहमीचे काम अक्षतंतूतील सूक्ष्मनलिकांना आधार देणे. त्याला प्रमाणाबाहेर फॉस्फेट गट जोडले गेले की ते नलिकांपासून सुटते आणि एकमेकांना चिकटून गुंते करते. पेशीतली वाहतूक बिघडते. टाऊच्या जनुकातील उत्परिवर्तने १९९८ मध्ये सापडली. त्यांनी वेगळ्या प्रकारचा स्मृतिभ्रंश होतो, चेतापेशी मरतात, पण प्लाक लागत नाहीत. म्हणजे टाऊ एकटे पेशी मारू शकते. उलट, मानवी उत्परिवर्तित अमायलॉइड-जनुक घातलेल्या उंदरांच्या मेंदूत प्लाक भरपूर होतात, पण टाऊचे गुंते होत नाहीत आणि बहुतेक प्रकारच्या अशा उंदरांत चेतापेशींचा मोठा नाशही दिसत नाही. ज्या बाणावर साखळी तोलली आहे तो रोगाच्या नेहमीच्या प्रारूपातच तुटलेला आहे, आणि पुष्कळ आकृत्यांत मात्र तो इतर बाणांइतकाच ठळक काढलेला असतो.

माणसांवरील चाचण्या काय सांगतात? बीटा-अमायलॉइडविरुद्धच्या पहिल्या लशीची चाचणी २००२ मध्ये काही रुग्णांच्या मेंदूला सूज आल्याने थांबवावी लागली. त्या रुग्णांपैकी काहींचे पुढे शवविच्छेदन झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ज्यांच्या मेंदूतील प्लाक जवळजवळ पूर्ण नाहीसे झाले होते, तेही मृत्यूपूर्वी तीव्र स्मृतिभ्रंशाच्या अवस्थेला पोहोचलेच होते. नंतर आले लेकॅनेमॅब हे प्रतिपिंड. रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील १,७९५ जणांवर १८ महिने चाचणी झाली. प्लाक लक्षणीय घटले. शून्य ते १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणाऱ्यांची घसरण १.२१ झाली, न घेणाऱ्यांची १.६६. फरक ०.४५. वर्तमानपत्रांत तो '२७ टक्के' असा छापून आला. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण रुग्णाच्या मुलीला कोणता सांगावा याचा विचार तुम्ही करा. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १२.६ टक्क्यांच्या मेंदूत सूज दिसली, हेही सांगावे लागेल.

०.४५ हा आकडा शून्य नाही. प्लाक काढल्याने काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यांना तो अडचणीचा आहे आणि प्लाक हेच सर्वस्व मानणाऱ्यांनाही. डोनानेमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, रुग्णांची विभागणी मेंदूतील टाऊच्या प्रमाणानुसार केली होती. टाऊ कमी किंवा मध्यम असलेल्यांना औषधाचा फायदा अधिक झाला. ज्यांच्या मेंदूत टाऊ आधीच खूप पसरले होते, त्यांच्या मेंदूतील अमायलॉइडही तितकेच साफ झाले, फायदा मात्र कमी झाला.