तीन चौक आणि एक निरूपण

शहर पायीं फिरून दाखविण्याच्या प्रथेचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. दहावीस माणसांस बरोबर घेऊन मुंबईच्या कोटांत दोन तास बोलत हिंडणारा वाटाड्या हा एक प्रकारचा कथेकरीच होय. त्याची वाट ही कथेची मांडणी, आणि त्याचे थांबे हीं तिचीं प्रकरणें. तेव्हां कथेकऱ्यास आपण जे निकष लावितों, तेच त्यासही लावणें अन्याय्य होणार नाहीं.

या फेऱ्यांचा एक रूढ मार्ग हॉर्निमन सर्कलपासून हुतात्मा चौकाकडे व तेथून काळ्या घोड्याकडे जातो. वाटाडे बहुधा अभ्यासू असतात, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. टाउन हॉलच्या पायऱ्यांखालीं उभें राहून १८३३ सालच्या त्या इमारतीचे खांब ग्रीक वळणाचे कसे, हें ते नीट समजावून देतात. समोरच्या बागेच्या जागीं पूर्वीं मोकळें पटांगण होतें व तेथें कापसाच्या गाठी रचून ठेवीत, हेंही सांगतात. फ्लोरा फाउंटनपाशीं आलें कीं पोर्टलंडचा दगड, नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोर्सिथची घडण, सारें यथासांग येतें. माहितींत उणें असें कांहीं नाहीं.

आमचा आक्षेप तिच्या गुंफणीवर आहे. कीर्तनकार आख्यान कितीही रंगवो, मूळ पदास तो पुनःपुन्हा येऊन मिळतो. येथें आख्यानें तीन आणि पद एकही नाहीं. प्रत्येक चौक नव्यानें सुरू होतो आणि तेथेंच संपतो. शिवाय श्रोत्यांची दृष्टि सदा कमानींकडे व शिल्पांकडे वळविली जाते. इमारतींच्या मधली मोकळी जागा, जेथें माणसें जमतात, ती मात्र अबोल राहते. टाउन हॉलसमोरच्या वडांखालीं दलाल जमत आणि त्या घोळक्यांतूनच पुढें १८७५ सालीं शेअरबाजाराची संस्था उभी राहिली. हें सांगितल्यावांचून तो चौक कळला असें कसें म्हणावें?

वास्तविक पद हाताशींच आहे. तें म्हणजे कोटाचा पडलेला तट. १८६० नंतर, सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असतां, मुंबईचा तट पाडण्यांत आला. पहिला चौक तटाच्या आंतला, दुसरा चर्चगेट या वेशीच्या जागेवरचा, तिसरा तटाच्या कडेचा. या मार्गानें चालणारा मनुष्य नकळत वेशींतून बाहेर पडत असतो. वेस गेली, तिचें नांव आगगाडीच्या स्टेशनास तेवढें उरलें आहे.

याहूनही मोलाचा एक धागा या वाटेंत आहे. गेलेल्या राजवटीच्या खुणांचें काय करावें, या प्रश्नास या तीन चौकांनीं तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. पहिल्यानें नांव बदललें. एल्फिन्स्टन या गव्हर्नराचें नांव जाऊन हॉर्निमनचें आलें. हॉर्निमनही इंग्रजच. तो ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक होता, आणि रौलट कायद्याविरुद्धच्या चळवळींत लोकांच्या बाजूनें उभा राहिला. १९१९ सालीं सरकारनें त्यास हद्दपार केलें. म्हणजे येथें नांव बदलतांना जात पाहिली गेली नाहीं, कर्तृत्व पाहिलें गेलें.

दुसऱ्या चौकानें जुन्याशेजारीं नवें उभें केलें. फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता १८६४ पासून तेथें आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं आलेल्या मोर्चावर याच परिसरांत गोळीबार झाला व माणसें पडलीं. १९६१ सालीं हातीं मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांचें स्मारक तेथें उभें राहिलें आणि चौक हुतात्म्यांच्या नांवाचा झाला. कारंजें मात्र कोणी हलविलें नाहीं. २०१९ सालीं तें दुरुस्त होऊन पुन्हा वाहूं लागलें.

तिसऱ्या चौकानें मूर्तीच काढली. सातवा एडवर्ड युवराज असतां १८७५-७६ मध्यें मुंबईस आला होता. त्या भेटीचें स्मारक म्हणून आल्बर्ट ससून यांनीं दिलेला त्याचा अश्वारूढ पुतळा १८७९ सालीं येथें बसविला गेला. १९६५ सालीं तो हलविण्यांत आला व पुढें भायखळ्याच्या राणीच्या बागेंत गेला. परंतु लोकांनीं त्या जागेस राजाचें नांव कधींच दिलें नव्हतें. घोड्याचें दिलें होतें. म्हणून पुतळा गेल्यावरही बावन्न वर्षें ती जागा ‘काळा घोडा’च राहिली. २०१७ सालीं तेथें पुन्हा घोडा उभा राहिला, तोहि पाठीवर स्वार नसलेला. लोकांच्या जिभेनें केलेली निवड शिल्पानें मान्य केली, एवढाच याचा अर्थ.

हा धागा हातचा सुटतो याचें कारण आम्हांस अज्ञानाहून संकोचांत अधिक दिसतें. दगड आणि कमानी निर्वेध असतात. गोळीबार व हद्दपारी यांविषयीं बोलूं लागलें कीं श्रोत्यांत मतभेद उठण्याचें भय. म्हणून कारंज्यास दहा मिनिटें आणि हुतात्म्यांस एक वाक्य, अशी वांटणी होते. ज्या राज्यांत आपलीं मुलें वाढत आहेत, त्याची किंमत या चौकांत चुकती झाली आहे. ती गोष्ट त्यांस तेथेंच, त्या दगडांवर उभें राहून कळली नाहीं, तर पाठ्यपुस्तकांतील दोन ओळींनीं कळेल असें वाटत नाहीं.

एवढें म्हणूनही, मुलांस या फेरीस जरूर न्यावें. ज्यांनीं हें शहर मोटारीच्या खिडकींतूनच पाहिलें आहे, त्यांस वाटाड्याचे दोन तास खचित उपयोगी पडतील. मात्र दुसऱ्या थांब्यावर तो कारंज्याकडे पाठ करून स्मारकाकडे वळतो कीं नाहीं, आणि वळल्यास किती वेळ बोलतो, हें घड्याळ लावून पाहावें.