राष्ट्रनेत्यांचे परराष्ट्र दौरे आणि किनाऱ्यावरील गावे : सिंधुदुर्ग–राजापूर किनाऱ्याच्या विशेष संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

राष्ट्रनेत्यांचे परदेश दौरे हा सार्वजनिक चर्चेचा नित्याचा विषय आहे. दौरा किती दिवसांचा होता, खर्च किती झाला, स्वागत कसे झाले आणि किती करारांवर स्वाक्षऱ्या झाल्या, या चार प्रश्नांभोवती ही चर्चा सहसा फिरते. समर्थक करारांची संख्या मोजतात, तर टीकाकार खर्चाचा आकडा पुढे करतात. दोन्ही मूल्यमापनांत एक समान उणीव आहे. करार ज्या भूमीवर प्रत्यक्ष उतरावयाचा असतो, तेथील माणसांचे या प्रक्रियेत स्थान कोणते, हा प्रश्न दोन्ही बाजू सहसा विचारीत नाहीत.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण व देवगड तालुक्यांचा किनारा आणि त्याला लागून असलेला राजापूर तालुक्याचा किनारा यांच्या संदर्भात तपासला आहे. वाघोटन खाडीने आज दोन जिल्हे वेगळे केले असले, तरी मासेमारी, आंबा-काजूची बागायती आणि नातेसंबंध या तिन्ही दृष्टींनी हा प्रदेश सलग आहे. दौऱ्याचे यश स्वाक्षरीच्या क्षणी ठरत नाही. त्या स्वाक्षरीला देशांतर्गत संमतीचा आधार किती आहे यावर ते ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

परकीय सत्तांशी संबंध ही या किनाऱ्याला नवी गोष्ट नाही. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता दक्षिणेस अगदी लगत होती. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली, ती सागरी सत्तांच्या या स्पर्धेची जाणीव ठेवूनच. पुढे १८१२ मध्ये कोल्हापूर दरबार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला आणि मालवणचे बंदर सिंधुदुर्गासह तेथील किल्ल्यांसमवेत कंपनीच्या ताब्यात गेले. या तहाने मालवणच्या दर्यावर्दी जीवनाची दिशा पालटली. परंतु मालवणच्या रहिवाशांना त्यात विचारले जाण्याचा प्रश्नच नव्हता. राजसत्तेच्या काळात हे स्वाभाविक होते. लोकसत्तेच्या काळात ही रीत कितपत बदलली, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

जैतापूर : दौऱ्यांचे वेळापत्रक

जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची वाटचाल ही मुख्यतः उच्चस्तरीय भेटींची मालिका आहे. ३० सप्टेंबर २००८ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या पॅरिस भेटीत भारत–फ्रान्स नागरी अणुसहकार्य करार झाला. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी भारतात आले आणि ६ डिसेंबर रोजी भारतीय अणुऊर्जा महामंडळ व अरेवा कंपनी यांच्यात करार झाले. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या पॅरिस भेटीत पूर्व-अभियांत्रिकी करार झाला. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या दिल्ली भेटीत ईडीएफ या फ्रेंच कंपनीसमवेत पुढील टप्प्याचा करार झाला. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॅट क्षमता, असे प्रकल्पाचे स्वरूप तेव्हा ठरले होते.

या मालिकेतील एक तपशील विशेष बोलका आहे. प्रकल्पास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटींसह मंजुरी दिली ती २८ नोव्हेंबर २०१० रोजी. त्यानंतर सहाव्या दिवशी सार्कोझी यांचा भारत दौरा सुरू झाला. मंजुरीच्या गुणवत्तेविषयी मतभेद असू शकतात. परंतु दोन तारखांमधील हे सान्निध्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. पर्यावरणीय परीक्षणाचा कालावधी विषयाच्या गरजेनुसार ठरावयास हवा. तो पाहुण्यांच्या आगमनाच्या तारखेशी जुळून येतो, तेव्हा परीक्षणाच्या स्वायत्ततेवरील विश्वास ढळतो. एकदा ढळलेला विश्वास नंतरच्या स्पष्टीकरणांनी सावरणे कठीण असते.

येथेही तसेच घडले. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे अणुदुर्घटना घडली आणि किनाऱ्यावरील शंकांना जागतिक संदर्भ मिळाला. १८ एप्रिल २०११ रोजी साखरीनाटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. मच्छीमारांचा मुख्य प्रश्न समुद्रात सोडल्या जाणाऱ्या उष्ण पाण्याचा आणि मासेमारीच्या क्षेत्रावरील निर्बंधांचा होता. त्याचे उत्तर पॅरिस अथवा दिल्ली येथील संयुक्त निवेदनांत मिळणे शक्य नव्हते. २००८ च्या करारानंतर दीड दशक उलटूनही अणुभट्टीची प्रत्यक्ष उभारणी सुरू झाली नव्हती. दर, तंत्रज्ञान आणि दुर्घटनेतील दायित्व हे वाटाघाटींतील अडथळे यास मोठ्या प्रमाणात कारणीभूत होते. सर्व दोष स्थानिक विरोधास देता येत नाही. तथापि, प्रत्येक भेटीत ‘प्रगती’ जाहीर होत राहिली आणि जागेवर काम उभे राहिले नाही, हे अंतर दौऱ्यांच्या मूल्यमापनात गृहीत धरले पाहिजे.

नाणार : निवेदन आणि माघार

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गास अधिक थेट स्पर्श करणारे आहे. वार्षिक सहा कोटी टन क्षमतेच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१७ मध्ये निघालेल्या अधिसूचनेत राजापूर तालुक्यातील गावांसमवेत देवगड तालुक्यातील गिर्ये आणि रामेश्वर या दोन गावांचाही समावेश होता. विजयदुर्गालगतची ही गावे हापूसच्या बागांसाठी ओळखली जातात. भूसंपादनाची प्रक्रिया महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये सुरू झाली. एप्रिल २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि जून २०१८ मध्ये अबुधाबीची ॲडनॉक या कंपन्यांशी दिल्लीत सामंजस्याचे करार झाले. बाधित क्षेत्रातील ग्रामपंचायती मात्र त्याच काळात विरोधाचे ठराव करीत होत्या.

फेब्रुवारी २०१९ मधील घटनाक्रम या विसंगतीचा कळस म्हणावा लागेल. १८ फेब्रुवारी रोजी मुंबईत दोन सत्ताधारी पक्षांची निवडणूक युती जाहीर झाली आणि प्रकल्प नाणारहून हलविण्याचे आश्वासन तेथे देण्यात आले. लगेच दोन दिवसांनी, सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्या दिल्ली भेटीअखेरच्या संयुक्त निवेदनात ४४ अब्ज डॉलर अंदाजित खर्चाच्या या पश्चिम किनारा प्रकल्पाचा गौरवपूर्ण उल्लेख झाला. २ मार्च रोजी राज्य शासनाने नाणारची अधिसूचना रद्द करीत असल्याचे जाहीर केले. एकाच पंधरवड्यात एकाच प्रकल्पाविषयी मुंबई आणि दिल्ली येथून दोन वेगळे सूर उमटले. यातून परकीय भागीदारास अनिश्चितता पदरी पडली. गावकऱ्यांच्या वाट्यास आलेला दिलासाही त्यांच्या ठरावांच्या बळाने आलेला नव्हता. तो निवडणुकीच्या गणिताने आला होता. विरोधकांना हा विजय वाटला, तरी संस्थात्मक दृष्टीने तो विजय नव्हे. गणित पालटले की निर्णयही पालटू शकतो. पुढे राजापूर तालुक्यातीलच बारसू येथे एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणावरून पुन्हा संघर्ष उभा राहिला, तो याच कारणाने.

घटनात्मक चौकट आणि तिच्यातील पोकळी

या विसंगतीचे मूळ व्यक्तींत किंवा पक्षांत शोधणे पुरेसे नाही. वरील घटना भिन्न पक्षांच्या सरकारांच्या काळातील आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार परराष्ट्रांशी करार करणे हा संघसूचीतील विषय आहे. अनुच्छेद ७३ अन्वये हा अधिकार केंद्रीय कार्यपालिका वापरते, आणि कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ संसदेस देतो. परंतु करार करण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याचे बंधन नाही. जमीन आणि प्रादेशिक जलधीतील मासेमारी हे विषय मात्र राज्यसूचीत आहेत. परिणामी वचन देणारी सत्ता एक, जमीन देणारी दुसरी, आणि परिणाम भोगणारा समाज तिसराच, अशी विभागणी होते.

अमेरिकेत तहास सिनेटच्या दोनतृतीयांश बहुमताची संमती लागते. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने अनुसमर्थनापूर्वी तह २१ बैठकदिवस संसदेपुढे ठेवणे बंधनकारक केले. भारतातही न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ मध्ये तहप्रक्रियेविषयी संसदेने कायदा करावा, अशी शिफारस केली. ती कृतीत उतरली नाही.

या संदर्भात बॅ. नाथ पै यांचे स्मरण औचित्यपूर्ण ठरते. वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ पै १९५७ पासून १९७० पर्यंत याच किनाऱ्याचे, म्हणजे तत्कालीन राजापूर मतदारसंघाचे, लोकसभेत प्रतिनिधी होते. आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपद भूषविलेल्या या नेत्यास जगाचे वावडे नव्हते. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर १९६७ मध्ये त्यांनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुनःस्थापित करण्यासाठी अशासकीय विधेयक मांडले. त्या विधेयकाच्या आशयाविषयी मतभेद आहेत. तथापि अखेरचा शब्द लोकनियुक्त सभागृहाचा असावा, ही त्यामागील भूमिका करारांच्या प्रश्नासही लागू पडते. ज्या मतदारसंघातून ही भूमिका मांडली गेली, त्याच मतदारसंघाच्या भूमीविषयीचे करार सभागृहाच्या पूर्वसंमतीविना झाले, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

प्रतिउदाहरण : रिओ ते मालवण

परराष्ट्र दौऱ्यातील वचनबद्धता स्थानिकांस नेहमीच परकी राहते, असे नाही. जून १९९२ मध्ये रिओ दि जानिरो येथील वसुंधरा परिषदेस पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव उपस्थित होते. जैवविविधता करारावर भारताने त्याच परिषदेत स्वाक्षरी केली. १९९४ मध्ये अनुसमर्थन झाले आणि २००२ मध्ये संसदेने जैवविविधता अधिनियम संमत केला. या कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधता संवर्धनाचा प्रकल्प राबविला गेला. खेकडापालन, कालवे-शिंपल्यांची शेती, कांदळवनातील पर्यटन आणि लहान मासळीस निसटू देणारी चौकोनी आसाची जाळी असे उपक्रम त्यातून पुढे आले. त्यांत महिला बचत गटांचाही सहभाग राहिला.

हे चित्र निर्दोष नाही. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यास स्थानिक मच्छीमारांचा विरोध होता आणि संवर्धनाच्या नावाने आपली मासेमारी बंद होईल, ही भीती त्यामागे होती. तरीही रिओ आणि जैतापूर यांतील भेद स्पष्ट आहे. रिओच्या स्वाक्षरीनंतर दहा वर्षांनी का होईना, संसदेचा कायदा आला, कायद्यात गावाला स्थान मिळाले आणि किनाऱ्यावर काही काम उभे राहिले. जैतापूर व नाणार येथे करार प्रथम झाला आणि गावाशी संवाद नंतर, तोही संघर्षाच्या वातावरणात सुरू झाला.

आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. वाटाघाटींना गोपनीयता लागते, हा पहिला. तो योग्य आहे. परंतु किंमत व तंत्रज्ञान गोपनीय ठेवण्याची गरज आणि गावांची नावे, पाण्याचे तापमान व विस्थापितांची संख्या झाकून ठेवणे यांत अंतर आहे. प्रत्येक गावाची संमती घेत बसल्यास राष्ट्रहिताचा एकही करार होणार नाही, हा दुसरा. ऊर्जेची राष्ट्रीय गरज खरी आहे आणि ती कोठेतरी भागवावी लागणार, हेही खरे. परंतु येथे गावास नकाराधिकार द्यावा, असे सुचविलेले नाही. अनुभव असा आहे की, संवाद टाळून वेळ वाचत नाही. २००८ आणि २०१७ मध्ये ज्या घाईने आरंभ झाला, तिने प्रकल्प लवकर उभे राहिले नाहीत.

समारोप

राष्ट्रनेत्याच्या दौऱ्याचे मूल्यमापन तीन कसोट्यांवर करता येईल. दौऱ्यापूर्वी संबंधित परीक्षणे दौऱ्याच्या तारखेपासून स्वतंत्रपणे पूर्ण झाली होती काय? दौऱ्यानंतर करारांचा तपशील, बाधित जिल्ह्यांच्या निर्देशासह, संसदेपुढे व राज्य विधिमंडळापुढे ठराविक मुदतीत ठेवला गेला काय? आणि तो तपशील ग्रामसभेस तिच्या भाषेत, म्हणजे येथे मराठीत, उपलब्ध झाला काय? यांपैकी कोणतीही अपेक्षा अवास्तव नाही. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर दिल्लीतील वचन आणि गिर्ये-रामेश्वरची ग्रामसभा यांतील अंतर कमी होईल. परकीय भागीदारासही अशा वचनावर अधिक विसंबता येईल.