छावणीबाहेरचे शेत

इंग्रजी साहित्यात हिंगोलीचे नाव नोंदले गेले ते मुख्यतः एका कादंबरीमुळे. फिलिप मेडोज टेलर यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिचा नायक अमीर अली याच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो तिच्या प्रस्तावनेचा आणि त्याच लेखकाच्या आत्मचरित्राचा. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, म्हणजे मराठवाड्याच्या जमिनीचा एक प्रश्न समोर येतो.

टेलर वयाच्या सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आले आणि १८२४ साली निजामाच्या फौजेत दाखल झाले. हिंगोली हे या फौजेचे एक ठाणे. प्रस्तावनेत टेलर सांगतात, की छावणीच्या बाजारातील एक प्रतिष्ठित व्यापारी, ज्याच्याशी त्यांचा स्वतःचा रोजचा व्यवहार होता, तो ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला, वाटेत कापडाच्या खऱ्या मालकाला व त्याच्या माणसांना ठार केले आणि तोच माल छावणीत उघडपणे विकला. मुख्य पहाऱ्यापासून थोड्याच अंतरावर माणसे मारली व पुरली जात होती. असे काही खड्डे उकरले गेले, तेव्हा टेलर स्वतः हजर होते.

लेखनगुण म्हणून या पानांची थोरवी मान्य केलीच पाहिजे. भडक शब्द न वापरता लेखक भय उभे करतो. 'मीही फसलो' असे तो कबूल करतो आणि त्या कबुलीमुळे वाचकाचा त्याच्यावर विश्वास बसतो. तथापि पुस्तक मिटल्यावर मनात काय उरते? हिंगोलीचा मुलूख म्हणजे विश्वासघाताचा मुलूख, एवढेच. पेरणी, खळे, आठवडी बाजार, नरसीच्या नामदेवांची व औंढ्याच्या नागनाथाची यात्रा या गोष्टींनी भरलेला प्रदेश तेथे दिसत नाही. ज्या मुलुखात केवळ भय आहे, तेथे फौज हवी. फौज आली की तिला पगार हवा. आणि पगार शेवटी जमिनीतूनच निघतो.

तो कसा निघाला, हे इतिहासात स्पष्ट आहे. फौजेचा खर्च थकत गेला, निजामावर कर्ज चढले आणि २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत नवा तह झाला. ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या एवढ्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूरचा दुआब कंपनीच्या कारभाराखाली गेला. नळदुर्ग व रायचूर १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ साली ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने देण्यात आले आणि १९०३ साली हिंगोलीची छावणी उठली. छावणी होती पैनगंगेच्या अलीकडे, निजामाच्या हद्दीत; तिच्या पगारासाठी लावून दिलेली वऱ्हाडची कापसाची शेते होती नदीच्या पलीकडे. एका काठाच्या पहाऱ्यासाठी दुसरा काठ देऊन टाकला गेला आणि ज्यांची नांगरट त्या दोन्ही काठांवर होती, त्यांना कोणी विचारले नाही.

येथेच टेलर यांचे आत्मचरित्र हाती घ्यावे. 'स्टोरी ऑफ माय लाइफ' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८७७ साली, त्यांच्या कन्येने प्रसिद्ध केले. ठगांच्या भयाची कथा सांगणारे हेच गृहस्थ १८५३ पासून नळदुर्गचे कारभारी झाले. मुलूख मोजणे, सारा बसवणे, रस्ते बांधणे ही कामे त्यांनी कळकळीने केली. ते कनवाळू अधिकारी होते, लोकांची भाषा बोलत होते, हे कोणीही नाकारू नये. परंतु त्यांच्या दोन्ही पुस्तकांत जमीन येते ती एक तर प्रेते पुरण्याची जागा म्हणून किंवा मोजण्याची वस्तू म्हणून. ती कसणाऱ्याचे मनोगत कोठे आहे?

कोणी म्हणेल, इंग्रज अधिकाऱ्याकडून ही अपेक्षाच अन्याय्य आहे. आमचे मत तसे नाही, कारण मनोगत ऐकण्याची कला या लेखकाला उत्तम अवगत होती. खुन्याला त्याने तीन खंड बोलते ठेवले. कुणब्याला तीन पाने दिली असती, तर कादंबरीची हानी झाली नसती.

या संदर्भात आम्हांला राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकविसावा अध्याय आठवतो. अहाब राजाला वाड्याशेजारचा द्राक्षमळा हवा होता. मोबदलाही तो द्यावयास तयार होता. नाबोथाने वडिलोपार्जित वतन देण्यास नकार दिला आणि प्राण गमावले. मळा राजाने घेतला. पण पवित्र लेखकाने नाबोथाचे नाव टिपले आणि त्याचा नकारही टिपला. बलवंतांनी जमीन घेतली, तरी लेखणीने माणूस जाऊ दिला नाही. जमिनीविषयीच्या कोणत्याही लेखनाला आम्ही हाच निकष लावू.

हा निकष आम्हा ख्रिस्ती लेखकांनाही चुकत नाही. जालन्याजवळ फ्री चर्च मिशनचे नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. आमच्या धर्मग्रामांच्या स्मरणिका पाहिल्या, तर जमीन कोणी दिली, कोणत्या धर्मगुरूंनी पाया घातला, हे आदराने नोंदलेले असते. तसे नोंदणे योग्यच. पण त्या जमिनीवर पहिली झोपडी बांधणारी कुटुंबे कोणती, ती कोणते शेत, कोणते दुःख मागे टाकून आली, आणि त्याच जमिनीवर आधी कोण राबत होते, याची ओळ सहसा सापडत नाही. दात्याचे नाव कोरले जाते, कसणाऱ्याचे गळते. टेलर यांचा दोष दाखवणारे आमचे बोट अशा वेळी आमच्याकडेच वळते.

१९४९ साली हैदराबादेतील जहागिऱ्या रद्द झाल्या. १९९९ साली हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. आज १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात हा जिल्हा येतो. तेथील आणि आपल्याही गावांतील वडीलधाऱ्यांना अजून जे आठवते, ते कोणत्याही तहात नाही. पुढची स्मरणिका छापण्यापूर्वी संपादकांनी त्यांच्या ओसरीवर एक दुपार बसावे. टेलर यांच्याकडून घ्यावी ती त्यांची ऐकण्याची चिकाटी. आणि नावे मात्र पवित्र लेखकाप्रमाणे लिहून ठेवावीत.