टिटवीनं चार अंडी घातली. बरं, मग?

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माझा फोन वाजायला लागतो. मावसभाऊ, शाळेतल्या मैत्रिणी, एक-दोन ओळखीचे पत्रकार. सगळ्यांना एवढंच ठाऊक असतं की ही ‘पक्षी आणि पावसावर’ पीएचडी करते. मग येतो टिटवीच्या अंड्यांचा फोटो. उघड्या जमिनीवर चार खडे मांडल्यासारखी चार अंडी. खाली ओळ ठरलेली: यंदा चार महिने पाऊस! त्याला जोडून लांबलचक मजकूर. बहावा भरभरून फुलला म्हणजे पाऊस दीड-दोन महिन्यांवर आला. कावळ्यानं बाभळीसारख्या काटेरी झाडावर घरटं केलं तर पाऊस कमी, आंब्या-करंजावर केलं तर बरा. चातक दिसला, पावशा बोलला... आणि शेवटी बहुतेक वेळा मारुती चितमपल्लींचं नाव.

(माझा विषय ‘पक्षी आणि पाऊस’ नाहीये, हे एकदाचं सांगून टाकते. बार्शी तालुक्यातल्या कोरडवाहू गावांमध्ये पेरणीच्या आधीच्या सहा आठवड्यांत लोक कशाकडे बघतात आणि पेरायचं कसं ठरवतात, हा माझा विषय. पण लग्नकार्यात एवढं ऐकून घ्यायला कुणाला वेळ असतो?)

तर आज या मजकुराचीच समीक्षा करायची आहे. समीक्षा म्हणायचं कारण असं की हा आता एक लेखनप्रकार झालाय. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर, पुरवण्यांमध्ये, व्हॉट्सॲपवर तो दर उन्हाळ्यात नव्यानं उगवतो. त्याचे संकेत पक्के आहेत. सुरुवातीला ‘आपले पूर्वज’, मध्ये पाच-सहा पक्षी आणि झाडं, शेवटी हवामान खात्याला एक टोमणा. शेतकरी त्यात असतो, पण ‘बळीराजा’ म्हणून. त्याचं शेत किती एकर, त्यात काय पेरतो, बियाण्याची पिशवी उधारीवर आणली की रोख, याचा उल्लेख मी तरी अजून वाचलेला नाही.

आधी खरं-खोटं उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे.

टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते. कधी तीन असतात, पण नियम चारचा. तिचा विणीचा काळ मार्चपासून ऑगस्टपर्यंत पसरलेला, त्यामुळे मे महिन्यात माळावर फिरलात तर चार अंडी सापडणं ही बातमीच नाही. आपल्याकडचा पावसाळा जून ते सप्टेंबर, म्हणजे चार महिन्यांचाच. दोन्हीकडे चार. मी २०२३ च्या मे महिन्यात एका बांधाशेजारी चार अंडी पाहिली होती. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ठरला. २०२५ मध्ये त्याच शिवारात पुन्हा चार अंडी होती. त्या सप्टेंबरात सीना नदीनं काठ सोडला आणि सोलापूर जिल्ह्यात गावंच्या गावं पाण्यात गेली. टिटवीनं दोन्ही वर्षी एकच सांगितलं.

बहाव्याचंही तसंच. तो एप्रिल-मेमध्ये फुलतो, पाऊस जूनमध्ये येतो. अंदाज चुकणार कसा? पावशा तर मार्च-एप्रिलच्या उन्हातच ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडायला लागतो. त्याचं शब्दशः ऐकून चाड्यावर मूठ धरली तर बी जमिनीतच भाजून निघेल. आणि कावळ्याचं म्हणाल तर बार्शीच्या माळावर आंबे-करंज मोजावे लागतात, बाभळी मात्र पैशाला पासरी. म्हणजे आमच्याकडच्या कावळ्यांनी जन्मभर दुष्काळच सांगितला म्हणायचा. ही म्हण कुठल्या तरी वेगळ्या, दाट झाडीच्या मुलखातली असणार. तिथे तिला काही अर्थ असेलही. पण मजकूर पुढे सरकत आला आणि गाव मागे राहिलं.

चातकाची गोष्ट मात्र जरा वेगळी. उत्तर आणि मध्य भारतात दिसणारे चातक उन्हाळ्याच्या शेवटी आफ्रिकेकडून येतात, आणि त्यांचं येणं मोसमी वाऱ्यांशी जोडलेलं आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं २०२० मध्ये दोन चातकांना उपग्रह टॅग लावले ते याच प्रवासाचा माग काढायला. म्हणजे या यादीतला एक पक्षी खरोखरच वाऱ्याबरोबर येतो. पण या मजकुरात चातक आणि कावळा एकाच वजनाचे असतात. यादीच ती, तिला तराजू नसतो.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई अंधश्रद्धा-खंडनाच्या वाटेनं निघाली. दोन वर्षं मी त्याच वाटेनं चालले होते, हे कबूल करते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक तक्ता होता. पहिल्या रकान्यात संकेत, दुसऱ्यात अंदाज, तिसऱ्यात ‘खरा/खोटा’. गावोगाव फिरून मी एकशे वीसेक ओळी भरल्या. मोठ्या ऐटीत तो तक्ता गाईडच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी चष्मा वर केला आणि विचारलं, “हे ऐकून कुणी काय केलं, ते कुठाय?” तो रकानाच नव्हता.

गौरव करणारे आणि खोडून काढणारे, दोघंही इथे एकच चूक करतात असं माझं मत आहे. दोघंही टिटवीला वेधशाळा समजतात. एक म्हणतो वेधशाळा फार भारी, दुसरा म्हणतो बोगस. पण ज्याच्या शेतात ती अंडी आहेत तो माणूस तिच्याकडे अंदाज मागायला जातो का, हे दोघांनीही विचारलेलं नसतं.

मी परत गेले आणि विचारलं. एका आजींच्या अंगणात बसले होते. दोन दिवसांपूर्वी चांगला पाऊस झाला होता. मातीत तो लालभडक मखमली मिरगाचा किडा फिरत होता. (किडा म्हणतो आपण, पण आठ पाय मोजा, तो कोळी-गोचिडांच्या गोतातला.) मी वहीत लिहिलं, ‘मिरगाचा किडा दिसला = पाऊस येणार’. आजींना वाचून दाखवलं. त्या हसायलाच लागल्या. “आगं पोरी, पाऊस आला म्हणून त्यो भाईर आला. त्येला काय पंचांग कळतंय? खाली वल गेल्याबिगर त्यो वर येत न्हाई.”

मी वही मिटली.

वल म्हणजे ओल. हा जीव वर्षातला बराच काळ जमिनीत काढतो आणि पहिला दमदार पाऊस मुरला की थोडे दिवस वर येतो. म्हणजे आजी त्याच्याकडून भविष्य ऐकत नव्हत्या, जमिनीच्या आतली खबर घेत होत्या. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. त्यामागचा हेतूही हाच, की ओल पुरेशी खोल गेली पाहिजे. सरकारी पर्जन्यमापक तालुक्याच्या किंवा मंडळाच्या ठिकाणी, आजींचं रान तिथून कित्येक किलोमीटर लांब, आणि वळीव तर एका बांधावर पडतो नि दुसरा कोरडा सोडतो. स्वतःच्या रानातली ओल कळायला आजींकडे काय आहे? खुरपं, बोटं आणि हा किडा. तरी ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांच्या मुलानं किड्यावर विसंबून काही केलं नाही. टाच मारून ढेकूळ फोडलं, मूठभर माती दाबून पाहिली, वापसा आहे का बघितलं, शेजाऱ्याला फोन केला, आणि दुकानदार उधारी किती दिवस थांबेल ते विचारून आला. सोयाबीनचं बियाणं एकदा वाया गेलं की दुबार पेरणीला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न त्या घरात टिटवीपेक्षा फार मोठा होता.

२०२५ मध्ये हे सगळं लख्ख दिसलं. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत. रोहिणी नुकत्याच लागलेल्या, मिरगाला अजून जवळपास दोन आठवडे. रानं ओली झाली. मशागत पुरती झालेली नाही आणि पाणी साचलंय. गावात दोन तट पडले. काही म्हणाले ओल आहे तर पेरा. काही म्हणाले मिरगाच्या आधी तिफण बाहेर काढायची नाही. शहरातून बघितलं तर दुसरा तट ‘परंपरावादी’ वाटेल. पण मे संपता संपता मान्सून थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत. मिरगासाठी थांबणाऱ्यांना हे आधी कळलं होतं असं मुळीच नाही. त्यांच्यातल्या एकांनीच मला सांगितलं, “आमाला काय म्हाईत न्हवतं. पर यवढ्या लवकरच्या पावसावर इस्वास कुणी ठिवायचा?” नक्षत्र इथे भाकीत करत नाही, हात आवरायला मदत करतं. त्याला भाकीत म्हणून शाबासकी देणं हा मला त्या माणसाच्या शहाणपणाचा अपमानच वाटतो.

इथे एक आडवळण घेते. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) या मजकुरांच्या लेखकांनी एकदा तरी वाचावं असं फार वाटतं. त्यातही झाडं, पाखरं, ऋतू आहेत. पण बाई कशालाही भाकिताच्या कामाला जुंपत नाहीत. त्या बघतात. फूल फुललं तर ते कसं फुललं हे सांगतात, पुढे काय होणार हे त्याच्याकडून वदवून घेत नाहीत. तरीही माझ्या कामासाठी ते पुस्तक अपुरं पडतं, आणि त्याचं कारण शिकण्यासारखं आहे. ते चैत्र-वैशाख अशा महिन्यांनी चालतं. हे महिने चांद्र, अधिक मासामुळे मागे-पुढे सरकणारे. गावातला पावसाळा चालतो सूर्याच्या नक्षत्रांनी: रोहिणी, मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’, आसळका, मघा, पुढे हत्ती. प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचं. ही मापं कामाची आहेत. कुळवणी, पेरणी, कोळपणी त्यांच्यावर टांगलेली आहेत. दुर्गाबाईंचं वर्ष डोळ्यांचं आहे, आजींचं हातांचं. दोन्ही खरी, पण एकाचं दुसऱ्यावर कलम होत नाही. (नक्षत्रंही ऋतूंच्या तुलनेत हजार वर्षांत सुमारे चौदा दिवस, म्हणजे एक अख्खं नक्षत्र, पुढे सरकतात. ‘पूर्वजांना सगळं माहीत होतं’ म्हणणाऱ्यांनी कोणत्या शतकातले पूर्वज तेही सांगावं.)

चितमपल्लींबद्दलही दोन शब्द. ते १८ जून २०२५ रोजी सोलापुरात गेले, आणि पुढच्या काही दिवसांत तो मजकूर माझ्याकडे सात वेळा आला. आयुष्यभर वनखात्यात, जंगलात काढलेल्या माणसाची आठवण आपण बहावा-कावळा-टिटवीच्या यादीवर आणून ठेवली. त्यांनी माणसांकडून ऐकलेलं, पाहिलेलं असंख्य काही लिहून ठेवलं. पण त्या नोंदींमध्ये सांगणारा असतो, जागा असते. यादीत तेच गळतं. मला त्यांच्या काही निष्कर्षांशी वाद घालायचाय, पण वाद पुस्तकाशी घालता येतो. फॉरवर्डशी कसला घालणार?

माझा खरा राग मात्र फोटोवर आहे. टिटवीचं घरटं म्हणजे उघड्यावरचा खळगा. मेच्या उन्हात ती अंड्यांवर बसते ती उबवण्यापेक्षा सावली धरायला. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. अशा वेळी फोटोसाठी चार माणसं भर दुपारी भोवती उभी राहिली, तर ती डोक्यावरून ओरडत घिरट्या घालते आणि अंडी तापत राहतात. एका गावात मी हे बघितलंय. बातमी छापून आली. नंतर तीन आठवडे मी तिथे जात होते, पिल्लं काही बाहेर आली नाहीत. चार महिने पावसाची बातमी देणारी ती चार अंडी उन्हानं गेली की कुत्र्यानं नेली, मला छातीठोक सांगता येणार नाही. पण टिटवी त्या गर्दीनंतर तिथे बसलेली मला दिसली नाही.

याच्या उलट एक तात्या. त्यांच्या रानात रोटाव्हेटर फिरत होता. एका कोपऱ्यात ट्रॅक्टर वळसा घालून गेला, खाटेएवढी जागा तशीच राहिली. मी विचारलं, टिटवी आहे का? “हाय की. बसलीया.” यंदा पाऊस कसा म्हणते ती? तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. “तिला काय इचारायचं? तिचं तिला पडलंय.” मग ड्रायव्हरला ओरडले, की मागं घेताना बघून घे.

माझ्या नव्या तक्त्यात ‘खरा/खोटा’ हा रकाना नाही. त्याजागी ‘त्या दिवशी रानात काय काम केलं’ असा आहे. तात्यांच्या ओळीत लिहिलंय: रोटाव्हेटर, अडीच एकर, कोपरा सोडला. गेल्या आठवड्यात मावसभावाचा पुन्हा फोटो आला. मी त्याला एवढंच विचारलं की हा किती वाजता काढला. अजून उत्तर आलेलं नाही.