‘लो-कॉस्ट’ बोर्ड: किंमत कुणी मोजली, कधी मोजली?

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलात, की एक शब्द हमखास येतो: लो-कॉस्ट. शेती, पाणी, हवामान, विषय कुठलाही असो, ‘रास्पबेरी पाय आधारित कमी खर्चाची प्रणाली’ अशा धर्तीचं शीर्षक तुम्ही आतापर्यंत दहा वेळा तरी वाचलं असेल. अशा निबंधात शेवटाकडे खर्चाचा एक तक्ता असतो. बोर्ड, सेन्सर, बॅटरी, पेटी, एकूण. आज मला त्या तक्त्याबद्दल बोलायचं आहे. तो खोटा नसतो, पण अर्धा असतो. किंमत कुठल्या महिन्यातली, वस्तू हातात यायला किती दिवस लागले आणि हाच बोर्ड का घेतला, या तीन गोष्टी त्यात बहुतेक वेळा नसतात.

हे इतकं मनावर का घ्यायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा तुमचा विषय भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांधीतल्या पाण्याचा आहे. बांधीत सतत पाणी साचवून न ठेवता आलटूनपालटून भिजवायचं आणि सुकू द्यायचं, ही पद्धत आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुढे आणली. त्यात भोकं पाडलेला पाइप बांधीत गाडतात. पाइपातलं पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरलं, की पुन्हा पाणी द्यायचं. तुम्हाला ही पातळी दर पंधरा मिनिटांनी नोंदवायची आहे. आता वेळापत्रक बघा. रोवणी साधारण जुलैत, पाऊस लांबला तर ऑगस्टात. कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बोर्ड जूनमध्ये हवा होता आणि सप्टेंबरात आला, तर तुमचे तीन महिने नाही, एक वर्ष गेलं. तलावाचं किंवा कालव्याचं पाणी असलेल्या गावांत उन्हाळी धान होतं, हे खरं. पण तेव्हाचं ऊन आणि बाष्पीभवन वेगळं, म्हणजे प्रश्नच बदलला. फेलोशिपची मुदत काही पुढच्या खरिपासाठी थांबत नाही.

उशिराची ही भीती काल्पनिक नाही. २०२१ ते २०२३ या काळात हेच झालं. करोनाच्या साथीत लॅपटॉप आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक्सची मागणी वाढली, मोटार कंपन्याही चिप्ससाठी रांगेत आल्या आणि कारखान्यांची क्षमता कमी पडली. सगळ्यात जास्त ओढाताण झाली जुन्या ४० नॅनोमीटर तंत्रावरच्या चिप्सची. पाय ३ आणि पाय झीरोचे प्रोसेसर याच तंत्रावरचे. पाय ४ चा प्रोसेसर २८ नॅनोमीटरचा, म्हणून कंपनीने त्याच्याकडे आधी लक्ष दिलं. तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये पाय ४ च्या २ जीबी मॉडेलची किंमत ३५ डॉलरवरून ४५ डॉलर झाली. कंपनीच्या इतिहासातली ही पहिली भाववाढ. त्याच वेळी कंपनीचे प्रमुख एबेन अप्टन यांनी सांगितलं, की २०२१ चं उत्पादन साधारण ७० लाखांचं असेल, म्हणजे २०२० एवढंच. मागणी वाढली आणि माल तेवढाच राहिला, की पुढे काय होतं ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. छापील किंमत एक आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव दुप्पट-तिप्पट, अशी स्थिती आली.

इथे माझा पहिला आक्षेप. २०२२ मध्ये कंपनीने उघड सांगितलं, की ज्यांचा धंदा या बोर्डावर चालतो अशा उद्योगांना आधी माल मिळेल. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. एखाद्या लहान कारखान्याचं यंत्र बोर्डाअभावी अडलं, तर लोकांचे पगार अडतात. पण पायचा जन्म शिक्षणासाठी झाला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो आला तो मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून. टंचाई आली तेव्हा एकेक बोर्ड घेणारा विद्यार्थी रांगेत मागे गेला. यात कुणाला शिव्या घालायच्या नाहीत. फक्त एवढं लक्षात ठेवा: पुरवठा आटला, की एक बोर्ड मागणारा गिऱ्हाईक शेवटचा असतो. तो गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही.

दुसरा आक्षेप ‘३५ डॉलर’ या आकड्यावर. जगभरच्या निबंधांत तो मंत्रासारखा येतो. २०१२ च्या सुरुवातीला डॉलर ४९ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ३५ डॉलरचे साधारण १,७०० रुपये. ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉलर ७५ च्या आसपास, म्हणजे त्याच ३५ डॉलरचे २,६०० रुपये. वर जीएसटी आणि वाहतूक. डॉलरमध्ये स्थिर असलेली किंमत रुपयात स्थिर नव्हती. म्हणून तुमच्या तक्त्यात डॉलर लिहू नका. ज्या दिवशी बिल झालं त्या दिवसाचे रुपये लिहा, तारखेसकट.

तिसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो कंपनीवर नाही, आपल्यावर आहे. आपण बोर्ड आधी ठरवतो आणि काम नंतर मोजतो. आपल्या बांधीचं काम मोजू या. पंधरा मिनिटांना एक नोंद, म्हणजे दिवसाला ९६. हंगाम १२० दिवसांचा धरला तर ११,५२० नोंदी. एका नोंदीला २० बाइट दिले तर पूर्ण हंगामाची माहिती अडीचशे किलोबाइटच्या आत बसते. मोबाइलवर काढलेला एक फोटो यापेक्षा मोठा असतो. एवढ्यासाठी चार कोअरचा, २ जीबी मेमरीचा, लिनक्स चालवणारा संगणक चिखलात नेऊन बसवायचा?

विजेचा हिशोबही करा. पाय ४ नुसता चालू असला तरी साधारण ३ वॅट घेतो. दिवसाचे झाले ७२ वॅट-तास. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी ८४ वॅट-तास देते, आणि लेड-अॅसिड बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली तर लवकर मरते. जुलै-ऑगस्टात भंडाऱ्यात आभाळ किती दिवस झाकलेलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. मग मोठं सोलर पॅनेल, मोठी बॅटरी, मोठी पेटी. ‘स्वस्त’ बोर्डाने बाकीचा सगळा तक्ता महाग केला.

याच कामाला मायक्रोकंट्रोलर पुरतो. पिको जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आला आणि टंचाईतही बऱ्यापैकी मिळत राहिला. ईएसपी३२ हा दुसरा पर्याय. हे बोर्ड नोंद घेतात आणि झोपतात, त्यामुळे लहान बॅटरीवर आठवडेच्या आठवडे काढू शकतात. फक्त बोर्डावरचा रेग्युलेटर आणि बारका दिवा झोपेतही वीज खातो. ते माहितीपत्रकावर न सोडता मल्टिमीटर लावून स्वतः मोजा.

मग पायसारखा बोर्ड कधीच घेऊ नये का? घ्यावा, काम तसं असेल तर. पानांवरच्या रोगाची चित्रं जागेवरच तपासायची आहेत किंवा नागझिऱ्याच्या कडेच्या शेतात कॅमेऱ्याने रानडुक्कर ओळखायचं आहे, तर लिनक्स आणि मेमरी लागेलच. तिथे ऑरेंज पाय, रॉक पाय, बीगलबोन असे पर्याय आहेत. कागदावर त्यातले काही जास्त ताकदीचे आणि स्वस्त दिसतात. पण कॅमेऱ्याचा ड्रायव्हर चालतो का, कर्नल किती जुना आहे, अडलं तर विचारायला माणसं आहेत का, हे आधी बघा. ड्रायव्हरशी झटापट करण्यात गेलेले दोन महिने कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. पायची खरी किंमत त्याच्या चिपपेक्षा या सोबतीची आहे, हे त्याच्या टीकाकारानेही मान्य करावं. आपल्या सी-डॅकचा वेगा प्रोसेसरवरचा एरीज बोर्ड जरूर वापरून पाहा, पण तो मायक्रोकंट्रोलरच्या जातीचा आहे. त्याची तुलना पिकोशी करा, पाय ४ शी नको.

टंचाई संपली, आता हे कशाला, असं म्हणाल तर डिसेंबर २०२५ कडे बघा. या वेळी प्रोसेसर नाही, मेमरी महागली आणि पाय ४ व पाय ५ च्या जास्त मेमरीच्या मॉडेलांचे भाव पुन्हा वाढले. १६ जीबीचा पाय ५ १२० डॉलरवरून १४५ वर गेला. पाय ४ चं १ जीबीचं मॉडेल मात्र त्या वाढीतून सुटलं. ज्याने आपला प्रोग्रॅम कमी मेमरीत बसवला होता, त्याला त्या वेळी फरक पडला नाही.

तेव्हा प्रस्तावात चार गोष्टी लिहा. कामाला किमान किती मेमरी, वेग आणि वीज लागते. त्यात बसणारे निदान दोन बोर्ड, आणि दोन्हींवर प्रोग्रॅम चालवून पाहिल्याची नोंद. सेन्सर वाचायचा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे बोर्ड बदलला तर तेवढंच बदलावं लागेल. आणि शेवटी, वस्तू हातात येण्याची शेवटची तारीख. आपल्या उदाहरणात ती मे अखेर. त्या तारखेला जो बोर्ड टेबलावर असेल, त्यावर काम करायचं.

आणखी एक. तुलनेचा पहिला रकाना कुठल्याही बोर्डाचा ठेवू नका. तो बांधीतल्या त्या पाइपाचा आणि साध्या मोजपट्टीचा ठेवा. शेतकरी सकाळी बांधावर जातो तेव्हा तो पाइपात पट्टी बुडवून पातळी बघू शकतो, जवळजवळ फुकटात. तुमच्या यंत्राने त्यापेक्षा जास्त काय दिलं, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तरच ‘लो-कॉस्ट’ हा शब्द शीर्षकात ठेवा. परीक्षकही हाच प्रश्न विचारतील. त्यांच्या आधी तो तुम्ही स्वतःला विचारलेला बरा.