ध्वनिपाठ : श्रवण आणि निर्मिती
(किनवट परिसराच्या संदर्भात)

‘पॉडकास्ट’ ही संज्ञा २००४ मध्ये प्रथम योजिली गेली. तथापि ध्वनीच्या साह्याने शिक्षण देण्याचा विचार तितका अर्वाचीन नाही. १९५६ मध्ये पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि शंका केंद्राकडे धाडावयाच्या, अशी त्यांची रीत होती. या प्रयोगाचे मर्म ध्वनिक्षेपणात नव्हे, तर श्रोत्याच्या प्रत्युत्तरात होते. वर्गातील पॉडकास्टचे परीक्षण याच कसोटीवर व्हावयास हवे.

केवळ ऐकविण्याचाही उपयोग आहे, हे नाकारता येत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’ लिपीत एकच, उच्चारात मात्र भिन्न. ज्याची घरची भाषा मराठी नाही, त्या विद्यार्थ्याला हा भेद पाठ्यपुस्तक शिकवू शकत नाही, कान शिकवितो. परंतु ध्वनिमुद्रित व्याख्यान म्हणजेच पॉडकास्ट अशी समजूत झाली, तर फळा जाऊन त्याच्या जागी यंत्र आले इतकेच. विद्यार्थी होता तेथेच, मूक, राहतो.

किनवटच्या संदर्भात हे मौन विशेष चिंतनीय आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणातून हैदराबाद संस्थान वगळले गेले होते. साहजिकच येथील गोंडी, कोलामी आणि गोरमाटी या भाषांची स्थानिक रूपे त्या महान उपक्रमाच्या कक्षेबाहेर राहिली. त्या सर्वेक्षणाच्या ध्वनिमुद्रिकांतही उधळ्या पुत्राच्या कथेसारखा ठरावीक मजकूर प्राधान्याने वदवून घेतला जाई. तुलनेस ते सोयीचे होते. पण बोलणाऱ्याला स्वतःहून काय सांगावयाचे आहे, हा प्रश्न त्यात गौण ठरला.

विद्यार्थ्याने निर्माण केलेला ध्वनिपाठ ही उणीव अंशतः भरून काढू शकेल. आजीच्या तोंडची कोलामी कथा मुद्रित करून विद्यार्थी ती देवनागरीत उतरवू लागला, की त्याची लेखणी अडखळते. कोलामीत ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांचे ऱ्हस्व व दीर्घ असे भेद आहेत. मराठी लेखनात त्यांना पृथक् चिन्हे नाहीत. ही अडचण त्या विद्यार्थ्याचे अज्ञान नव्हे. ती त्याची भाषाविज्ञानातील पहिली समस्या होय. ती त्याला कोणी नेमून दिलेली नसते, हेच तिचे मोल.

येथे दोन धोके संभवतात. पहिला शुद्धीकरणाचा. मराठी बोलणाराही ‘करूलालो’ म्हणाला आणि शिक्षकाने मुद्रणापूर्वीच त्याचे ‘करीत आहे’ केले, तर उरतो तो पुस्तकाचाच प्रतिध्वनी. प्रमाण मराठी अवश्य शिकवावी; मात्र बोलीचे मुद्रण हे ती शिकविण्याचे स्थळ नव्हे. दुसरा धोका बेफिकिरीचा. गाव, दिनांक, भाषा, लिप्यंतर आणि अनुवाद यांवाचून साठविलेला आवाज काही वर्षांतच अनाथ होतो. तसेच वक्त्याच्या संमतीवाचून तो प्रसृत करणे हा अपहारच ठरेल. विधीप्रसंगीचे प्रत्येक गीत परक्या कानांसाठी असतेच असे नाही.

तात्पर्य, यंत्र स्वस्त झाले म्हणून अध्यापन सुधारत नाही. वर्गात कोणाचा आवाज ऐकला जातो आणि तो कोणाच्या अटींवर, यावरच या साधनाचे यशापयश अवलंबून आहे.